ब्रिटनीच्या गादीचा वाद: वारसाहक्क की राजाची मर्जी?

मूळ धागा

उत्तर मध्ययुगीन फ्रान्समध्ये उमरावांच्या पदव्या वंशपरंपरेने चालत असत, असे आपण सरसकट म्हणतो. माझे मत असे आहे की वारस कोण, हे शेवटी राजाच ठरवत असे आणि त्याला लागणारा कायदा मागाहून शोधला जाई. फ्रान्सच्या वायव्य टोकाच्या ब्रिटनीचा ड्यूक तिसरा जाँ १३४१ मध्ये निपुत्रिक वारला, तेव्हा दोन दावेदार उभे राहिले: त्याच्या दिवंगत सख्ख्या भावाची मुलगी जान द पाँतिएव्र आणि सावत्र भाऊ जाँ द माँफोर. राजा सहावा फिलिप याने त्याच वर्षी काँफ्लाँ येथे जानचा नवरा शार्ल द ब्ल्वा याच्या बाजूने निकाल दिला. हा शार्ल राजाचा सख्खा भाचा होता. शिवाय १३२८ मध्ये फ्रान्सच्या गादीवर स्त्रीकडून येणारा हक्क नाकारला गेला, म्हणूनच फिलिप स्वतः राजा झाला होता. ज्या नियमाने त्याला मुकुट मिळाला, तोच नियम त्याने ब्रिटनीत बाजूला ठेवला. याला न्याय कसे म्हणावे?

प्रतिसाद १

हे पटत नाही. ब्रिटनीच्या रूढीनुसार मृत भावाची जागा त्याचे अपत्य घेऊ शकत होते, मग ती मुलगी असली तरी. माँफोरच्या बाजूने असे मांडले गेले की १२९७ पासून ब्रिटनीला 'पेअर' (राज्यातल्या सर्वोच्च उमरावांचा) दर्जा असल्यामुळे मुकुटाचाच नियम तिला लागू व्हावा. म्हणजे दोन्ही पक्ष कोणती रूढी लावायची यावरच भांडत होते. याउलट उत्तर फ्रान्समधल्या आर्त्वाचा काउंट दुसरा रोबेर १३०२ मध्ये कुर्त्रेच्या लढाईत पडला, तेव्हा आधीच वारलेल्या मुलाचा मुलगा हयात असूनही काउंटी मुलगी माओ हिला मिळाली, कारण तिथल्या रूढीत नातवाला बापाची जागा मिळत नसे.

धागालेखक

आर्त्वाचे उदाहरण माझीच बाजू बळकट करते. माओच्या दोन मुली राजा चौथा फिलिप याच्या दोन मुलांना दिलेल्या होत्या, आणि १३१८ मध्ये तिचा हक्क पुन्हा कायम झाला तेव्हा गादीवर बसलेला पाचवा फिलिप हा तिचा जावईच होता.

प्रतिसाद २

जावयाचा मुद्दा बिनतोड आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. ज्या नातवाला डावलले गेले, तो तिसरा रोबेर पुढे सहाव्या फिलिपचा मेहुणा आणि निकटचा सल्लागार झाला. राजाची मर्जी पुरेशी असती, तर १३२९ मध्ये माओ वारल्यावर आर्त्वा त्याच्या पदरात सहज पडायला हवे होते. तसे झाले नाही. त्याने पुरावा म्हणून पुढे केलेले दस्तऐवज बनावट निघाले, ते तयार करणाऱ्या जान द दिव्हियों हिला १३३१ मध्ये जाळण्यात आले आणि १३३२ मध्ये खुद्द रोबेर हद्दपार झाला. राजाच्या मेहुण्यालाही खोटे कागद करावे लागले, यावरून खऱ्या कागदाचे वजन किती होते ते कळते.

ब्रिटनीतही तेच दिसते. निकालानंतर पेटलेल्या युद्धात १३६४ मध्ये ओरे येथे शार्ल द ब्ल्वा मारला गेला, माँफोरचा मुलगा चौथा जाँ जिंकला आणि पुढल्या वर्षी गेराँदचा तह झाला. पुढे १३७८ मध्ये राजा पाचवा शार्ल याने डची जप्त केली, तेव्हा तेवीस वर्षे माँफोर घराण्याशी लढलेला पाँतिएव्र पक्षही खवळला, कारण डची मुकुटात विलीन झाली तर गेराँदच्या तहाने राखून ठेवलेला त्यांचा हक्कही बुडत होता. १३७९ मध्ये ब्रिटनीच्या उमरावांनी चौथ्या जाँला इंग्लंडहून परत बोलावले. इथे राजाची मर्जी हरली.

धागालेखक

त्याच तहाचे पुढे काय झाले, तेही पाहावे. माँफोरांची पुरुषशाखा खुंटल्यास डची पाँतिएव्र घराण्याकडे जावी, असे त्यात ठरले होते. माँफोर घराण्यातला ड्यूक दुसरा फ्रान्स्वा याला मुलीच झाल्या, तेव्हा १४८६ मध्ये ब्रिटनीच्या सभेने त्याच्या मुलींनाच वारस मानले आणि १४८८ मध्ये ॲन डचेस झाली.

प्रतिसाद १

हो, पण त्याआधी १४८० मध्ये अकराव्या लुईने पाँतिएव्र घराण्याचा तो हक्क पैसे मोजून विकत घेतला होता. तीनच वर्षांपूर्वी बर्गंडीत सैन्य घुसवून डची ताब्यात घेणाऱ्या राजाला ब्रिटनीसाठी मात्र हा व्यवहार का करावासा वाटला, याचे उत्तर आपल्या मूळ धाग्यात मिळत नाही.