सर्पगंधा कुंडीत लावली म्हणजे वाचली?

रानभुली: पाऊस लागला की नागपुरात 'दुर्मिळ सर्पगंधा घरोघरी लावा' म्हणत रोपं वाटणं सुरू होतं. मला हे पटत नाही. गुडघाभर उंचीचं हे झुडूप ओलसर रानात, मोठ्या झाडांच्या सावलीला, पाचोळ्याच्या मातीत वाढतं. मे महिन्यात आपल्या तापलेल्या गच्चीवर त्याचं काय होणार? औषध मुळात, म्हणजे मूळ काढलं की झाड गेलं. १९५२ साली त्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं, रक्तदाबासाठी जगभरातून मागणी आली अन् रानं उकरली गेली. रान राखा, कुंड्या राहू द्या.

कळमेश्वरचा शेतकरी: ताई, मागणी कुठं थांबून राहिली? शेतातून मूळ आलं नाही तर रानातूनच येईल. मी संत्र्याच्या सावलीत लावलीय. बी नीट उगवत नाही, म्हणून मुळांचे तुकडे लावतो.

रानभुली: दीड-दोन वर्षं जमीन अडकवून, ओलीत करून काढलेलं तुमचं मूळ फुकट उकरलेल्या मुळापुढे कोणत्या भावात टिकेल, दादा? शिवाय तुकड्यांपासून केलेली रोपं म्हणजे त्याच झाडाच्या नकला. रानातली विविधता त्यात कुठून येणार?

टेकडीकर: अबे, पहिले झाड तर ओळखा! मला वाटपात मिळालेल्या 'सर्पगंधे'ला एकेका पेरावर चार-चार पानं, तीही लहानमोठी. ते अमेरिकेकडून आलेलं भावंड निघालं. आपलीला बहुतेक तीन पानं असतात. लालचुटूक देठांवर पांढऱ्या फुलांचा गुच्छ, फळ पिकलं की काळंजांभळं. विदेशी झुडूप वाटून देशी कसं वाचवणार?

झाडीपट्टी: रान राखा म्हणता, पण राखणार कोण? गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथं काय, किती काढायचं ते ग्रामसभेत ठरते. नागपूरकरांनी कुंड्यांपेक्षा अशा गावांच्या पाठीशी उभं राहावं.

कळमेश्वरचा शेतकरी: मान्य. पण असा हक्क, अशी ग्रामसभा किती गावांत आहे? तोवर व्यापारी थांबेल का?

रानभुली: सर्पगंधा १९९० पासून साइट्सच्या, म्हणजे रानटी प्राणी-झाडांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, पण तो करार देशाबाहेरच्या व्यापारापुरता. इथल्या बाजारात मुळांचं पोतं उतरलं, तर ते शेतातलं की रानातलं हे कोण पाहून राहिलं? तुमच्या पोत्याला तरी कोणी विचारलं का?

कळमेश्वरचा शेतकरी: नाही. फक्त वजन केलं.