कारवानी कुत्रीला नर बघतोय, पण आजाराविषयी कुणी बोलत नाही. सल्ला हवा

माणदेशी: नमस्कार मंडळी. मी जत तालुक्यातला. घरी अडीच वर्षांची कारवानी जातीची शिकारी कुत्री आहे, पुढच्या माजाला जोड लावायची आहे. सांगलीजवळ एक नर बघितला. दोन वर्षांचा, देखणा, केनेल क्लबचे (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे) कागद आहेत, मालकाने तीन पिढ्यांची नावं दाखवली. निघताना त्याच्याच गड्याने सांगितलं की या नराच्या सख्ख्या भावाला झटके यायचे, त्यातच तो गेला. फोन करून विचारलं तर मालक म्हणाला, "आपला नर ठणठणीत आहे ना, मग भावाचं काय करायचंय?" शिवाय कागदावर नराचा आजा आणि माझ्या मादीचा बाप एकच दिसतोय. काय करू?

कृष्णाकाठ: दादा, भावाचंच तर बघायचं असतं. अपस्माराचा, म्हणजे फिटचा, पहिला झटका बहुतेक वेळा 6 महिने ते 6 वर्षं या वयात येतो. 2 वर्षांचा नर आज ठणठणीत आहे यावरून फार काही कळत नाही. बहुतेक जातींत या आजाराची जनुक तपासणीच नाही. भावंडं, आईबाप, आधीची पिल्लं यांची खरी हकीकत हीच काय ती तपासणी.

आजा-बाप एकच असेल तर पिल्लांत रक्ताच्या जवळिकीचं प्रमाण 6.25 टक्के येतं, सख्ख्या चुलत भावंडांच्या जोडीइतकं. तेवढ्यासाठी मी जोड मोडा म्हटलं नसतं. पण झटके त्याच आज्याकडून आले असतील तर ते पिल्लांत दोन्ही बाजूंनी उतरू शकतात. तुमच्या मादीची भावंडं कुठे आहेत?

माणदेशी: सात होती. दोघांचाच पत्ता आहे. बाकीच्यांचं कधी विचारलंच नाही, हे लिहितानाच लक्षात आलं.

सातारा_लॅब: माझी गोष्ट सांगते. आमचा लॅब्रॅडॉर चार वर्षांचा झाला आणि तिन्हीसांजेला पायरीवर अडखळायला लागला. दिवसा चेंडू बरोबर पकडायचा, दिवे लागले की भिंतीला अंग घासत चालायचा. तपासणीत निघालं की डोळ्याचा पडदा झिजत चाललाय, हा आनुवंशिक आजार आहे, उपाय नाही. विकणाऱ्याला कळवलं तर त्याने फोन उचलणंच बंद केलं. मग मीच शोधत शोधत त्या वेतातल्या तीन घरांपर्यंत पोचले. एका घरातली मादी तशीच अडखळत होती. त्यांना वाटत होतं, लाडावलीय म्हणून अंधारात जात नाही.

मला राग याचा आला की याची जनुक तपासणी निघालेली आहे. आईबाप दोघं वाहक (स्वतः धड, पण सदोष जनुक अंगात असलेले) असले तर प्रत्येक पिल्लाला चारात एक धोका. वाहक कुत्रं निर्दोष कुत्र्याशी लावलं तर पिल्लू आंधळं होत नाही. म्हणजे वाहक निघालं तरी त्याला बाद करायचं नव्हतं, फक्त सांगायचं होतं!

कृष्णाकाठ: ताई, नेमकं हेच. नाव खराब होईल या भीतीने लोक लपवतात. फिनलंडच्या केनेल क्लबची नोंद सगळ्यांना खुली आहे. कुत्र्याचं नाव टाकलं की खुब्याच्या सांध्यातला दोष बघायला काढलेल्या एक्स-रेचा निकाल दिसतो, वाईट असला तरी. आपल्याकडे तेवढं नाही, पण वही तर ठेवता येते. दादा, तुमच्याकडे माडग्याळ मेंढीचा नर घेताना त्याची आई कुठल्या कळपातली, दुधाला कशी, हे विचारल्याशिवाय कुणी पैसे काढतं का?

अजून एक. केनेल क्लब ऑफ इंडिया आपल्या कारवानीला कॅरॅव्हान हाउंड म्हणतं, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबकडे तेच मुधोळ हाउंड. वंशावळ दोन्हीकडे शोधा. जोडीआधी दोघांची ब्रुसेला (जोडीतून पसरणारा, गर्भ पाडणारा आजार) तपासणी करून घ्या. आणि पिल्लं 8 आठवड्यांच्या आत देऊ नका, कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या सरकारी नियमांतच ते आहे.

माणदेशी: सगळ्यांचे आभार. त्या नराला नाही म्हणून कळवलं. मादीच्या भावंडांपैकी आणखी दोघं कवठेमहांकाळकडे सापडली. एक धडधाकट. दुसरी मागच्या वर्षी गेली, मालकीणबाई म्हणाल्या, "तोंडाला फेस यायचा, पाय ताठ व्हायचे." फोन ठेवल्यावर बराच वेळ मादीच्या मानेवर हात ठेवून बसलो. या माजाला जोड लावत नाही. राहिलेल्या तिघांचा शोध चालू आहे. हे सगळं वहीत तारखेनिशी उतरवलंय, ज्याला बघायची असेल त्याने हाक मारावी. माझ्या मादीच्या बापाची पिल्लं कुणाकडे असतील तर बरं-वाईट जे असेल ते इथेच लिहा.