कोरियन घराण्यांची रील्स बघणाऱ्या मुली "बिनडोक"? उत्तर देणं भाग आहे

सानिका_एम
काल एका गृहस्थांनी लिहिलं, की सॅमसंगच्या मालक घराण्यातली, हॉटेल शिला चालवणारी ली बू-जिन हिने कुठला कोट घातला, कुठली पर्स धरली यावर रील्स बघत बसणाऱ्या मुली बिनडोक आहेत आणि त्यांना श्रीमंतांची गुलामी आवडते. डोकं सणकलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

२०१६ चं सोल आठवा. इह्वा महिला विद्यापीठातल्या मुलींनी प्रशासनाविरुद्ध ठिय्या दिला. पुढारी नाही, पक्ष नाही, आखणी सगळी ऑनलाइन, नावं न सांगता. जुलैअखेर पोलीस आत आले तेव्हा या पोरी हातात हात अडकवून बसल्या आणि गर्ल्स जनरेशन या के-पॉप बँडचं गाणं म्हणू लागल्या. पुढे त्याच विद्यापीठात चोई सून-सिलच्या मुलीला वशिल्याने प्रवेश मिळाल्याचं बाहेर आलं. चोई म्हणजे तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांची मैत्रीण. पैसा हीसुद्धा लायकीच, नसेल तर आईबापांना दोष द्या, अशी तिची जुनी फेसबुक पोस्ट देशभर फिरली. तिच्या घोड्यांचे पैसे सॅमसंगने भरले होते. त्या लाचेपायी फेब्रुवारी २०१७ मध्ये सॅमसंगचा वारस, ली बू-जिनचा भाऊ ली जे-योंग गजाआड! डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांना हटवा म्हणत कोरियाच्या संसदेसमोर थंडीत लाइटस्टिक (कॉन्सर्टमधले दिवे) घेऊन उभ्या होत्या त्याही अशाच फॅन मुली. यांना बिनडोक म्हणायचं?

प्रशांत_तळेगाव
ती पोस्ट माझी. गजाआड किती काळ, तेही सांगा ना. वर्षभरात सुटला. २०२१ मध्ये परत आत, ऑगस्टमध्ये पॅरोल, २०२२ मध्ये माफी आणि लगेच कार्यकारी अध्यक्ष. सॅमसंगच्या गिहुंगमधल्या चिप कारखान्यात शाळा संपवून थेट कामाला लागलेल्या पोरी ल्युकेमियाने गेल्या, त्यांच्या घरच्यांना कंपनीची जाहीर माफी मिळायला नोव्हेंबर २०१८ उजाडला. त्या पोरींचे एडिट्स, म्हणजे गाणी लावून केलेले व्हिडिओ, कोणी केले? माझ्या पुतणीला पर्सचं मॉडेल तोंडपाठ आहे. ल्युकेमियाचं सांगायला गेलो तर म्हणे, "काका, मूड नका घालवू." तळेगावात ह्युंदाई आली, रांजणगावात एलजी आधीपासून आहे. ही घराणी आता आपल्या पोरांची मालक आहेत, नुसता कोट बघून भागणार नाही.

मधुरा_सांगली
एलजीचं नाव निघालंच आहे तर ऐका. त्या कू घराण्यात सूत्रं थोरल्या मुलाकडे जातात. कू बोन-मू यांचा मुलगा वारला. घरात मुली असताना २००४ मध्ये पुतण्याला दत्तक घेतलं. २०१८ मध्ये तोच अध्यक्ष. २०२३ मध्ये आई आणि दोन्ही मुली वारशासाठी कोर्टात गेल्या. हे मला अशाच एका रीलखालच्या भांडणातून कळलं, पेपरातून नाही.

वाचून रात्रभर झोप लागली नाही. बाबा गेल्यावर दादाने "बँकेचे कागद आहेत, सही कर" म्हणून नेलं. ते हक्कसोडपत्र होतं. सातबाऱ्यावरून नाव गेलेलं मला तलाठ्याकडे कळलं.

वसंत_जे
दर वेळी भाऊच चोर का? आईवडिलांचं आजारपण आम्ही काढायचं, कर्ज आम्ही फेडायचं. बहिणींच्या लग्नाला शेत गहाण पडलं होतं आमचं. तेव्हा कोणी हिस्सा मागितला नाही.

मधुरा_सांगली
तुमच्या शेताचं मला सांगू नका. माझी आई शेवटपर्यंत माझ्याकडे होती. तिचे डायपर मी बदलले, दादा गणपतीपुरता यायचा. महाराष्ट्रात मुलींना हक्क १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून. लग्नात दिलेले चार दागिने म्हणजे हिस्सा नव्हे.

वसंत_जे
तुमच्या आईचं तुम्ही केलंत, मान्य. म्हणून सगळ्याच बहिणी करतात असं नाही.

प्रशांत_तळेगाव
अहो, विषय काय, चाललंय काय! सानिकाताई, इह्वाचं पटलं. "बिनडोक" शब्द मागे घेतो, बाकी एक अक्षरही नाही. गिहुंगचं उत्तर अजून आलेलं नाही.

सानिका_एम
गिहुंगचं प्रकरण धसास लावलं ते लेक गमावलेल्या एका टॅक्सीवाल्या बापाने आणि त्याच्याबरोबर उभ्या राहिलेल्या बानोलिम संघटनेने. रीलवाल्या मुलींनी नाही, हे खरंच आहे. पण मग तुमच्या-आमच्या पिढीने काय केलं? त्याच कंपनीचे फोन आणि टीव्ही घेतले. पुतणीला रागावण्याऐवजी तिला त्या बापाची गोष्ट सांगा. पर्सचं मॉडेल शोधून काढणारी मुलगी कोर्टाचा निकालही शोधून काढेल.

प्रशांत_तळेगाव
सांगून बघतो. आशा फारशी नाही.

कुलदीप_वकील
मधुराताई, फसवून सही घेतली असेल तर ते कळल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. आधी दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची नक्कल काढा. तलाठ्याकडे तुम्हाला नेमकं कधी कळलं?

मधुरा_सांगली
मागच्या दिवाळीत. उद्याच जाते.