मदत हवी आहे: दुबईतली शिक्षिकेची नोकरी करार संपण्याआधी सोडायची आहे

नमस्कार मंडळी. कोथरूडची माझी धाकटी बहीण दुबईत एका खासगी शाळेत गणित शिकवते. प्रोबेशन संपलंय, करार अजून बाकी आहे. इकडे बाबांची बायपास झाली, आईला एकटीला झेपत नाही, म्हणून तिला परत यायचंय. तिथल्या २०२१ च्या कामगार कायद्यात नोटीस ३० ते ९० दिवसांची आहे, ती द्यायला ती तयार आहे. पण शाळा व्हिसाचा खर्च पगारातून कापू म्हणते. भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून घेता येत नाही ना? सत्राच्या मधेच सोडून आलेल्या कुणाला अनुभवाचा दाखला मिळाला का? पुण्यातल्या शाळा तोच आधी मागतात. आणि व्हिसा रद्द व्हायच्या आधी बँकेचं खातं कसं बंद केलंत? स्वतः यातून गेलेल्यांनी कृपया सांगा, ती फार घाबरली आहे.