बायपासनंतर ग्रुपमधल्या काकांना पुन्हा ट्रॅकवर कसं आणायचं?

जुळे_सोलापूर_रनर:
आमच्या पहाटेच्या ग्रुपमधल्या काकांची (वय 58) तीन आठवड्यांपूर्वी बायपास झाली. छाती उघडून, हृदयाला जोडायला डाव्या पायाची शीर काढून. हाफ मॅरेथॉन पळणारा माणूस, त्यामुळे घरात जीव रमत नाही. म्हणतात, संभाजी तलावावर येतो, हळूहळू जॉगिंग सुरू करतो. काकू घाबरल्यात. घड्याळात हार्ट रेट किती ठेवायचा? आणि ग्रुपनं नेमकं काय करावं?

फिजिओ_विजापूर_रोड:
जॉगिंगचं नाव आत्ता नकोच. पळणाऱ्या माणसाचा दम लवकर परत येतो, छातीचं हाड मात्र त्याच्या वेळेनंच जुळतं. मधोमध कापून तारांनी बांधलेलं असतं ते. धरायला सहा ते आठ आठवडे, पक्कं व्हायला साधारण तीन महिने. पळताना दर पावलाचा हिसका तिथं बसतो.

तोवर दोन-तीन किलोंच्या वर काही उचलायचं नाही, ढकलायचं-ओढायचं नाही. ओली सोलापुरी चादर पिळणं, गाडी डबल स्टँडला लावणं, दुकानाचं शटर ओढणं, सगळं त्यातच आलं. उठताना कुशीवर वळून पाय खाली सोडायचे, हातांवर जोर द्यायचा नाही. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. दुखतं म्हणून खोकला दाबला तर कफ साचतो.

चालणं मात्र हवंच. सपाट जागी 5 ते 10 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. त्रास नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवा. शेवटी वेग कमी करत रमतगमत चाला. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, बीपी उतरतं, चक्कर येते.

घड्याळ सध्या बाजूला ठेवा. मेटोप्रोलोलसारखी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारी) गोळी चालू असेल तर नाडी फारशी चढत नाही, कमाल हार्ट रेटचं 220 वजा वय हे गणित फसतं. चालताना पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे, एवढं बघा. पळायचं ते तीन महिन्यांनंतर, स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी) करून, सर्जननं हो म्हटल्यावरच.

पहाट_पार्क_चौक:
ग्रुपनं पाळी लावा. रोज एकच जण सोबत, वेग काकांचा. चार जण गेले की गप्पांच्या नादात वेग वाढतो आणि काका मागं राहायला तयार होत नाहीत. सर्दी-खोकला असलेल्यानं त्या दिवशी पाळी सोडावी. ने-आण चारचाकीतून करा, सीटबेल्ट आणि छातीच्या मध्ये टॉवेलची घडी ठेवून. स्कूटर चालवणं नको, मागं बसणंही नको.

उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून सहाच्या आत बाहेर, सातच्या आत घरी. आणि कृपा करून "काका, इलेक्ट्रॉल घ्या, भरपूर पाणी प्या" म्हणू नका. त्यात मीठ असतं, आणि पाणी किती घ्यायचं हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. शेंगाचटणीचा डबा नेणाऱ्यांनीही मिठाचा विचार करावा.

ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचं मन खचतं, चिडचिड होते, झोप लागत नाही. हे दोन-तीन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना सांगा. लाँग रनचे आकडे रोज त्यांना पाठवण्यापेक्षा पुढच्या रनचं पाणी-वाटपाचं नियोजन त्यांच्याकडं द्या. फोनवरून होतं.

फिजिओ_विजापूर_रोड:
पाळीवाल्या प्रत्येकाला पाठ हवं: छातीत दाब, घेरी, नाडी वेडीवाकडी धडधडणं, बसल्यावरही न थांबणारा दम. यातलं काहीही झालं तर चालणं बंद, 108 ला फोन. कोसळले आणि श्वास नसेल तर छातीवर हातांनी दाब देणं (सीपीआर) लगेच सुरू, मिनिटाला 100 ते 120, पाच-सहा सेंटीमीटर खोल. टाके तुटतील म्हणून थांबायचं नाही. ग्रुपमधल्या सगळ्यांनी सीपीआर शिकून घ्या.

घरी रोज सकाळी वजन. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय, त्याच दिवशी दवाखान्यात फोन. ताप, जखमेतून पाणी किंवा हाडात 'कट्‌' असा आवाज, तरीही तेच.

जुळे_सोलापूर_रनर:
काकू विचारतात, शीर काढलेला पाय संध्याकाळी सुजतो. चालणं थांबवायचं?

फिजिओ_विजापूर_रोड:
नाही. थोडी सूज काही आठवडे राहते. बसताना पाय उशीवर घ्या, लटकते ठेवू नका, मांडीवर मांडी नको. पोटरी मात्र गरम, लाल झाली, दाबल्यावर दुखली तर वाट न बघता दाखवा.