विषय: लेक डिस्ट्रिक्ट सहल – हॉल कुणाकडे मागायचा?

नमस्कार मंडळी,
मे अखेरच्या सहलीचं काम या वेळी माझ्या गळ्यात आहे. पन्नास डोकी, एक कोच. जेवायला हॉल हवा म्हणून जुन्या फाइलमधल्या पत्त्यावर तिथल्या, म्हणजे वायव्य इंग्लंडातल्या कम्ब्रिया काउंटीच्या कौन्सिलला मेल टाकली, ती तशीच परत आली. बेत असा: सकाळी विंडरमिअर लेक, दुपारी केझिक गाव, जमलं तर येताना हार्डनॉट खिंड. काही सुचवायचं असेल तर रविवारच्या आत सांगा, नंतर कुरकुर नको.
– सहलवाली

उत्तर १
अगं, मेल परत येणारच. ती कौन्सिलच राहिली नाही. १ एप्रिल २०२३ ला काउंटी कौन्सिल आणि सहा डिस्ट्रिक्ट कौन्सिलं एकदम मोडीत निघाली आणि दोन युनिटरी कौन्सिलं आली: कम्बरलँड, आणि वेस्टमोरलँड अँड फर्नेस. जिल्हा परिषद, पंचायत समित्या सगळं गुंडाळून एकच दप्तर करावं, आणि करताना जिल्ह्याचे दोन भाग पाडावेत, तसं. गंमत म्हणजे नावं जुनीच. १९७४ साली कम्बरलँड, वेस्टमोरलँड, लँकेशायरमधला फर्नेसचा तुकडा आणि यॉर्कशायरची सेडबर्गकडची बाजू जोडूनच कम्ब्रिया केला होता. नकाशावर काउंटी अजून आहे, पोलीसही सगळ्या काउंटीला एकच. फक्त तुझं विंडरमिअर एका कौन्सिलीत पडतं आणि केझिक दुसरीत.

हॉलसाठी कौन्सिलच्या मागे लागू नकोस. गावचे हॉल बहुतेक गावातल्याच ट्रस्टींच्या ताब्यात असतात, त्यांना फोन कर. गाडीने येणाऱ्यांना एक सांग: नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं सभासद-कार्ड त्यांच्याच कारपार्कात चालतं, टार्न हाऊजला वगैरे. कौन्सिलच्या कारपार्कात ते दाखवून उपयोग नाही, मी दाखवून पाहिलंय.

आणि हार्डनॉटला कोच? काही ठिकाणी तीन फुटाला एक फूट चढ आहे तिथे. वरंधा घाट त्यापुढे हायवे वाटेल.
– काका

उत्तर २
पावसाचं कुणीच बोलत नाही! केझिकच्या दक्षिणेला बॉरोडेलमध्ये सीथ्वेट म्हणून वाडी आहे, तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पश्चिमेचे ढग डोंगराला अडतात, आपल्याकडे ताम्हिणीत होतं तेच. पलीकडे पेनरिथला त्याचा तिसरा हिस्साही नाही. जवळच्याच होनिस्टर खिंडीत ५ डिसेंबर २०१५ ला २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर झाला होता. मागच्या खेपेला ॲम्बलसाइडच्या बाकावर आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या छत्रीखाली खाल्ल्या. लोणच्याचं पार सूप झालं. तेव्हा हॉल हवाच.

आणि हो, 'विंडरमिअर लेक' म्हणू नका गं. मिअर म्हणजेच तळं, हा पिवळा पीतांबर झाला. तिथल्या मोठ्या तळ्यांत नावातच 'लेक' असलेलं एकच, बॅसनथ्वेट.
– वहिनी

उत्तर ३
काका, वहिनी, आभार. हार्डनॉट रद्द, विंडरमिअरही रद्द (पीतांबरासकट). बँक हॉलिडेला विंडरमिअरकाठच्या बोनेसच्या गर्दीत पन्नास जण मोजत बसायची माझी तयारी नाही. कोच एम-६ ने पेनरिथपर्यंत, तिथून ए-६६ ने थेट केझिक. डर्वेंटवॉटरवर लाँच आहे, ती तळ्याला फेरी मारते. ज्यांना चढायचंय ते हॉज एंडच्या धक्क्यावर उतरून कॅटबेल्सवर जातील: ४५१ मीटर, पण माथ्याजवळ खडकावर हात टेकावे लागतात, चपला घालून येऊ नये. गुडघेवाल्यांनी कॅसलरिगचं शिळावर्तुळ बघावं, कोच थोड्या अंतरावर थांबेल. तिकीट नाही, मागे सगळे डोंगर.

हॉलचं उद्या कळेल. वहिनी, पुऱ्या पन्नास माणसांच्या धरू ना?
– सहलवाली

उत्तर ४
धर. लोणचं मात्र कोरडं आणा.
– वहिनी