अनुभव धागा: डिशवॉशर, नळाचा लाल दिवा आणि गार भांडी

कुंदा_डोंबिवली

काल वन्संचा फोन. नव्या फ्लॅटमध्ये डिशवॉशर बसवलाय, पॅनेलवर नळाचं चित्र लुकलुकतंय, भांडी गारेगार निघतायत, आणि माणूस येऊन सांगून गेला की हीटर गेला, बदलावा लागेल. नवीन मशीनचा हीटर! मी विचारलं, मजला कितवा? म्हणे शेवटचा. बास, मला २०२० आठवलं.

लॉकडाऊनमध्ये मावशी येईनात तेव्हा अर्ध्या सोसायटीने डिशवॉशर बुक केले होते. आमचं मशीन पावसाळ्यात आलं आणि पहिल्याच दिवशी हेच नाटक. व्हिडिओ कॉलवरून निदान काय, तर हीटर. ह्यांनी पुस्तिका काढून वाचली तर त्यात पाण्याचा दाब किमान ०.५ बार लिहिलेला. आता टाकी गच्चीवर आणि आम्ही तिच्या अगदी खाली. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ बार, तेव्हा ०.५ बारला टाकी निदान ५ मीटर वर हवी. आमच्या डोक्यावर २ मीटरही नाही! खालच्या मजल्यावरच्यांची तीच मशीनं छान चालली होती.

आणि हीटरचं म्हणाल तर तो चांगला ठणठणीत. आत पुरेसं पाणी आल्याशिवाय मशीन हीटर लावतच नाही, नाहीतर कोरडाच जळेल ना तो. म्हणून पाणी कमी तर भांडी गार. प्लंबरने स्वयंपाकघराच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवला, विषय संपला.

वन्संना सांगितलंय, पाइप नळावरून काढ आणि बादली लाव. आमच्या पुस्तिकेत मिनिटाला १० लिटर म्हटलंय, म्हणजे लहान बादली मिनिटभरात भरायला हवी. नाही भरली तर हीटरला हात लावू देऊ नकोस.

तुमचे अनुभव लिहा. मला तिला लिंक पाठवायचीय.

टँकरग्रस्त

दाब भरपूर असूनही दिवा लागतो. आम्ही वाघोलीला, टँकरचं पाणी. नळाला जोडतात त्या पाइपच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी जाळी असते. नळ बंद करा, आटे सोडवा, पकडीने हळूच ओढा. आमची निघाली तेव्हा जाळी दिसतच नव्हती, राखाडी चिखलाचा गोळा आणि त्यात वाळूचे कण. जुन्या टूथब्रशने घासली, परत लावली. उन्हाळ्यात दर महिन्याला करतो आता. काही पाइपांना नळाकडे मोठा प्लास्टिकचा डबा असतो, गळती झाली की पाणी तोडणारा. तो पाण्यात बुडवू नका, आत वायरी असतात.

लिंबूटिंबू

आमच्याकडचा डिशवॉशर लग्नात मिळालाय. नळाचा दिवा लागत नाही, पण दर फेरीनंतर चहा मागतो.

कुंदा_डोंबिवली

लिंबूटिंबू 😂 गॅरंटी कार्ड सासूबाईंकडे असेल, विचार.

फ्यूजकाका

हीटर खरंच गेलाय का हे घरबसल्या कळतं. बाकी सगळं बंद ठेवा, फ्रिज नि गीझरसकट, आणि प्रोग्रॅम लावून मीटरपाशी जाऊन उभे राहा. मीटरवरचा लाल ठिपका आधी सावकाश लुकलुकतो. हीटर लागला की तडतड सुरू होते. नुसती मोटर फार वीज खात नाही, हीटर साधारण २००० वॅट घेतो, फरक डोळ्यांना दिसतो. पाऊण तास झाला तरी ठिपका संथच, तर मग पुढचा विचार.

पुढचा म्हणजे: प्लग काढून मल्टिमीटरने हीटरचा रोध बघणे. २३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे २६ ओहमच्या आसपास. तेवढा आला तर हीटर शाबूत, दोष बोर्डावरच्या रिलेत (हीटर चालू-बंद करणारा स्विच), नाहीतर तापमान सांगणाऱ्या सेन्सरमध्ये. रिलेचं झाळण जळतं, तिथे तपकिरी डाग पडलेला असतो. तेवढं काम चांगला इलेक्ट्रॉनिक्सवाला थोडक्यात करून देतो, अख्खा बोर्ड बदलायची गरज नसते. पण हे सगळं जाणकाराने करायचं, घरी प्रयोग नकोत.

अजून एक. माझ्या भावाकडे निफाडला संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं. तापण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे १८० ला हीटर ६१ टक्केच काम करतो. मशीनवर '१ मिनिट बाकी' आणि ते मिनिट काही संपत नाही. सकाळी लावलं की सुरळीत. आणि १६ अँपिअरचा पॉइंट घ्या हो. मिक्सरच्या पॉइंटला कन्व्हर्टर लावून चालवणाऱ्यांचे वितळलेले प्लग मी पाहिलेत.

मीनल_कोथरूड

काका, आमच्याकडे ठिपका अजिबात तडतडत नव्हता आणि तरी हीटर चांगला होता! ऐका.

आमचं मशीन ड्राय बाल्कनीत. बसवणाऱ्याने सांडपाण्याचा पाइप सरळ खाली मोरीच्या जाळीत खुपसून दिला. मशीन पाणी घ्यायचं, घेतच राहायचं, मग नळाचा दिवा. नळाला धो धो पाणी, जाळी स्वच्छ. एकाने बोर्ड सांगितला, दुसऱ्याने पाण्याचा व्हॉल्व्ह. शेजारचे जोगकाका कांदे मागायला आले, बाल्कनीत उभे राहिले आणि म्हणाले, अगं, हे भरतंय म्हणतेस तर मोरीत खळखळ कसली वाजतेय?

जितकं पाणी वरून येत होतं तितकं खालून आपोआप ओढलं जात होतं! पाइपचं तोंड मशीनच्या तळापेक्षा खाली असलं की असं होतं. पेट्रोल काढतात ना नळीने, तसं. आत पाणी ठरतच नव्हतं, म्हणून तापतही नव्हतं. काकांनी पाइप वॉशिंग मशीनच्या नळाला सुतळीने उंच बांधला आणि तिथून वळवून खाली सोडला. पुस्तिकेत आहे हे, जमिनीपासून ४० सेंटीमीटर तरी वर. वन्संना आधी हे बघायला सांगा कुंदाताई, फुकटात आहे.

सईची_आई

+१ मोरीत पाइप. आमचाही तसाच आहे, आत्ता जाऊन बघितला. चालतंय तोवर चालतंय.

न्यूजर्सीची_आत्या

इथे वेगळीच गंमत. इकडे मशीन गरम पाण्याच्या लाइनला जोडतात, आणि गीझर असतो तळघरात. पाइपातलं गार पाणीच आधी मशीनमध्ये जातं. म्हणून सुरू करायच्या आधी सिंकचा गरम नळ सोडून पाणी कढत आलं की मग बटण दाबायचं. आमच्या मशीनचा हीटर खाली उघडा असतो, वाटीचं प्लास्टिकचं झाकण त्यावर पडलं की घरभर वास. सूनबाईंनी डब्याची अख्खी चळत वितळवली होती, पण ते इथे लिहिलं हे तिला सांगू नका.

उमा_फ्रांकफुर्ट

आत्या, इकडे उलट, गार पाण्याची लाइन आणि मशीन स्वतः तापवतं. पाणी जड आहे, मीठ संपलं की आठवड्याभरात ग्लास पांढरे.

बटाटेवडा

मीठ म्हणजे साधं मीठ नाही ना चालत? सासूबाई म्हणतायत घरात आहे ते टाक.

टँकरग्रस्त

नको नको. आयोडीनवालं बारीक मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात भुकटी घातलेली असते, ती आत जाऊन बसते. डिशवॉशरचं जाड मीठ आणा. ते भांड्यांना लागतच नाही. पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारी एक राळ असते आत, ती त्या मिठाच्या पाण्याने धुतली जाते. पहिल्यांदा भरताना त्या कप्प्यात आधी पाणी घालायचं. आणि मशीनमध्ये जडपणाचं सेटिंग असतं ते वाढवा, कारखान्यातून येतं तसंच ठेवू नका. टीडीएस मीटरचा आकडा म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, जडपणा नव्हे, तो तपासायच्या पट्टीने तपासा.

मीठ नसलं की क्षार हीटरवर थर धरतात, तापायला वेळ लागतो, शेवटी हीटर खरोखरच जातो. तेव्हा मेकॅनिकचं खरं होतं 😀

बटाटेवडा

दोन बाणांचं चित्र म्हणजे मिठाचं, आणि ते चांदणीसारखं?

टँकरग्रस्त

चांदणी म्हणजे रिन्स एड, शेवटच्या धुण्यात भांडी नीट वाळावीत म्हणून घालतात ते द्रव. नळ म्हणजे पाणी.

पाटलीणबाई

भाच्याने डिशवॉशरच्या साबणाची टॅबलेट संपली म्हणून सिंकवरचा भांड्यांचा लिक्विड साबण ओतला. दारातून फेस, फेसातून मांजर. पंपात हवा भरते, पाण्याचा दाब कळत नाही आणि मशीन रुसतं. वाटीने फेस उपसला, साबणाशिवाय नुसत्या पाण्याने फिरवलं, उपसलं, परत फिरवलं. मांजर दोन दिवस स्वयंपाकघरात आलं नाही.

सईची_आई

फेसातून मांजर 🤣🤣 फोटो असेल तर टाका

पाटलीणबाई

फोटो काढायला हात कुठे मोकळा होता!

गच्चीवरचा_कावळा

नळाच्या दिव्याबरोबर पंप घर्र घर्र करत थांबतच नसेल तर वेगळं प्रकरण. मशीनच्या तळाशी ट्रे असतो, त्यात थर्माकोलचा तरंगता तुकडा. कुठूनतरी गळून ट्रेमध्ये पाणी साठलं की तुकडा वर येतो, त्याने तिथलं बटण चालतं आणि मशीन पाणी घेणं बंद करून नुसतं उपसत बसतं. प्लग काढा, नळ बंद करा, दोघांनी मिळून मशीन मागे कलतं करा, खाली फडकी. ट्रे वाळला की चालू होतं. पण परत तेच झालं तर गळती शोधायलाच हवी. फर्निचरमध्ये ठोकून बसवलेलं असेल तर सुतारापासून सुरुवात, आमच्याकडे झाली तशी, त्यावर वेगळा धागा निघेल.

मीनल_कोथरूड

काढाच तो धागा. सुतार या विषयावर माझं आत्मचरित्र तयार आहे.

बटाटेवडा

माझे प्लास्टिकचे डबे ओलेच निघतात. हीटर?

फ्यूजकाका

नाही हो. स्टील नि काच गरम होतात आणि स्वतःच्या उष्णतेनेच वाळतात. प्लास्टिक लगेच निवतं. स्टील कोरडं आणि प्लास्टिक ओलं तर हीटर ठीक. स्टीलही ओलं आणि टॅबलेट अर्धवट विरघळलेली, तर शंका घ्या. प्रोग्रॅम संपला की दार थोडं किलकिलं करून ठेवा.

इंदू_सातारा

माझा प्रश्न विषयाला सोडून आहे, रागवू नका. पुरणयंत्र घालता का कोणी?

पाटलीणबाई

ॲल्युमिनियमचं असेल तर मुळीच नको, काळं ठिक्कर होतं आणि हाताला काळं लागतं. स्टीलचं चालतं. बिडाचा तवा, पोळपाट, कल्हईची भांडी हातानेच.

कुंदा_डोंबिवली

अपडेट: वन्संनी बादली लावली. एक मिनिट झालं, बादली अर्धीसुद्धा नाही. मोरीतला पाइपही बघितला, तो उंच आहे. उद्या प्लंबर. हीटरवाल्याचा फोन आला होता, तिने उचललाच नाही. धन्स सगळ्यांना.

इंदू_सातारा

कुंदाताई, पंपाचा आवाज फार होतो का? आमचे बाबा दुपारी झोपतात.

कुंदा_डोंबिवली

घुं घुं होतो, पाणी घेताना तेवढाच. आम्ही रात्री लावतो.

लिंबूटिंबू

वरच्या फवाऱ्याच्या भोकांत फोडणीची मोहरी अडकते, टूथपिकने काढा. मेथीदाणा मात्र निघत नाही, फुगून बसतो.

पाटलीणबाई

मग तुम्हाला मोड येईपर्यंत थांबावं लागणार. उसळीला नारळ जरा जास्त घाला, मेथी कडू असते.